मुळांनाही श्वास लागतो



मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाने पपईची रोपं तयार करायला घेतली. गटातूनच अंतर्गत कर्ज उचललं, काळ्या पिशव्या आणल्या, शेतातली काळी माती भरली आणि पाणी घालायचे आठवडे वाटून घेतले. पावसाच्या तोंडावर रोपं विकायची, कर्ज फेडायचं आणि उरलेले पैसे वाटून घ्यायचे, असा हिशेब होता.

रोपं वीतभर झाली आणि माना टाकू लागली. त्या आठवड्यात जिची जबाबदारी होती, तिला आम्ही बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "पाणी घातलं नाहीस ना?" ती म्हणाली, "अगं, रोज दोनदा घालतेय." आमचा विश्वास बसला नाही. आम्ही आणखी पाणी घातलं. चार-पाच दिवसांत निम्म्याहून जास्त रोपं गेली. ती मैत्रीण पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही.

शेवटी आम्ही मेलेल्या रोपाची पिशवी फाडून पाहिली. आत नुसता चिखल होता. मुळं काळपट पडली होती आणि त्यांना कुजका वास येत होता. पिशव्यांना खालून भोकंच नव्हती. रोपं तहानेनं गेली नव्हती, गुदमरून गेली होती.

आपण शाळेत शिकलो, की झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. ते खरं आहे, पण अर्धंच. उजेडात पानं अन्न तयार करतात, तेव्हा ही देवघेव होते. पण तयार झालेलं अन्न वापरायला झाडालाही आपल्यासारखाच ऑक्सिजन लागतो. हा श्वास दिवसा चालतो, रात्रीही चालतो. पान, खोड, मूळ, सगळ्यांचा चालतो. दिवसा झाड घेतं त्याहून कितीतरी जास्त ऑक्सिजन सोडतं, म्हणून त्याचा श्वास आपल्या ध्यानात येत नाही. अंधारात मात्र तुळस असो की पिंपळ, कुणीच ऑक्सिजन सोडत नाही. म्हणून घरातल्या कुंडीला घाबरायचं कारण नाही. शेजारी झोपलेलं माणूस तिच्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन वापरतं.

पानाला हवा मिळते ती बारीक छिद्रांतून. बहुतेक झाडांत ही छिद्रं पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. प्रत्येक छिद्राला दोन ओठांसारख्या पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की छिद्र उघडतं, पाणी कमी पडलं की मिटतं. उघड्या छिद्रातून हवा आत येते आणि पाण्याची वाफ बाहेर जाते.

मुळांना अशी छिद्रं नसतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीत जी हवा असते, तीच त्यांची. त्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की हवा संपते, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने फारच सावकाश सरकतो. श्वास कोंडला की मुळांत बळ उरत नाही आणि त्यांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे बघा, मूळ पाण्यात बुडालेलं आणि पान मात्र तहानलेलं! पान छिद्रं मिटून घेतं, अन्न तयार होणं मंदावतं आणि रोप मान टाकतं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं. आपण आणखी घालतो.

खरं तर हे आपल्याला स्वयंपाकघरात ठाऊक असतं. मटकी रात्रभर भिजवतो, सकाळी पाणी काढून फडक्यात बांधतो, मग मोड येतात. ती दोन दिवस पाण्यातच ठेवली तर आंबते. मोड यायला ओल हवी तशी हवाही हवी. मग भात पाण्यात कसा उभा राहतो, असं कुणी विचारेल. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ वाटा असतात, त्यांतून वरची हवा खाली पोचते. पपईला ती सोय नाही.

या वर्षी आम्ही दोन घमेली माती, एक घमेलं वाळू आणि एक घमेलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण केलं. प्रत्येक पिशवीला खालच्या बाजूला भोकं पाडली. पाणी घालण्याआधी मातीत बोट दोन पेरं घालून पाहायचं. ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नाही. भर दुपारी कोमेजलेलं रोप संध्याकाळी सावरलं, तर काळजी नाही. पण माती ओली असून सकाळीच मान खाली असेल, तर आधी पाणी थांबवा आणि भोकं तपासा. एखादं रोप उपसून मुळं बघा. पांढरी असतील तर ठीक, काळपट आणि वास येणारी असतील तर ती गुदमरली आहेत.

त्या मैत्रिणीच्या घरी आम्ही सगळ्या मिळून गेलो. जिने सांगितल्याप्रमाणे रोज पाणी घातलं, तिलाच आम्ही कामचुकार ठरवलं होतं. चूक पिशव्या भरणाऱ्या आम्हा सगळ्यांची होती. आम्ही तसं म्हणालो आणि पुढच्या बैठकीत ते इतिवृत्तातही लिहिलं. नुकसान सगळ्यांत सारखं वाटून घेतलं. ती परत यायला लागली आहे. या वर्षी पिशव्यांची भोकं तीच तपासते.

तुमच्या अंगणातल्या कुंडीचं भोक बुजलंय का, तेवढं आज बघा.