परदेशच्या पहिल्या पदवीचे मोल

मुलाची बारावीची परीक्षा उरकली, की अनेक मराठी घरांत आजकाल एक नवी विवंचना शिरते. पहिली पदवीदेखील परदेशीच घ्यावी काय, आणि तिच्यापायी राहते घर गहाण टाकावे काय? या प्रश्नाचा विचार करू लागलो, की माझे मन तंजावर प्रांतातील कुंभकोणम् या गावाकडे वळते. या एकाच गावात त्याची दोन उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर आपल्याच भाषेच्या माणसाचे. राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली येथील एका मराठी कुटुंबात झाला. मद्रासला विद्यापीठ निघाले ते १८५७ साली. त्यापूर्वीच तेथील सरकारी शाळेत पॉवेल या इंग्रज शिक्षकाजवळ माधवरावांचे शिक्षण पुरे झाले होते. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. चांगला गुरू मद्रासेतच भेटला. समुद्र ओलांडण्याची गरज पडली नाही.

दुसरे उत्तर श्रीनिवास रामानुजन यांचे. कुंभकोणम् येथील सरकारी कॉलेजात ते १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून दाखल झाले, आणि गणितापुढे इतर विषयांची हेळसांड झाल्यामुळे ती गमावून बसले. पुढे मद्रास बंदराच्या कचेरीत दरमहा तीस रुपयांवर कारकुनी पत्करली. १९१४ च्या मार्चमध्ये ते केंब्रिजला निघाले, तेव्हा मद्रास विद्यापीठाने त्यांना वर्षाला अडीचशे पौंड देऊ केले. पौंडाला पंधरा रुपये हा तेव्हाचा भाव धरला, तर ही रक्कम पावणेचार हजार रुपये होते. म्हणजे एका वर्षाच्या विलायतेत कारकुनीची दहा वर्षे सहज बुडाली असती! १९१६ साली केंब्रिजने त्यांना बी. ए. केले, तेही परीक्षेवर नव्हे, संशोधनावर.

हा खर्च सार्थकी लागला, हे कोण नाकारील? पण श्रोतेहो, दोन गोष्टी आपण सोयीस्करपणे विसरतो. त्या अडीचशे पौंडांतला एक पैसाही कर्जाचा नव्हता. उलट त्यांतील पन्नास पौंड घरच्या माणसांच्या निर्वाहासाठी हिंदुस्थानातच राखून ठेवलेले होते. आज कित्येक घरांत नेमके उलटे घडते. मुलगा तिकडे, आणि हप्ते फेडणारा बाप इकडे. शिवाय कर्ज रुपयांत काढायचे आणि फी डॉलरांत भरायची. चार वर्षांत रुपया किती उतरेल, याचा अदमास कोणी बांधावा? दुसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. परका गारठा, महायुद्धाच्या दिवसांत शाकाहारी माणसाची होणारी आबाळ, एकटेपण. १९१७ साली रामानुजन अंथरुणाला खिळले. १९१९ मध्ये परतले, आणि दुसऱ्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, निवर्तले. हा खर्च कोणत्याही वहीत मांडलेला नाही.

म्हणून मला कोणी सल्ला विचारला, तर मी विद्यापीठाचा क्रमांक विचारीत नाही. तिथे कोणाजवळ, आणि इथे न मिळणारे असे काय शिकायचे आहे, एवढेच मुलाला विचारतो. बहुतेक मुले गावाचे नाव सांगतात. अशांनी पहिली पदवी इथेच घ्यावी, आणि पुढे जावेसे वाटले तर शिष्यवृत्तीवर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुबत्ता असलेल्या घरांची गोष्ट निराळी. रामानुजन यांना मात्र नाव सांगता आले असते. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी मद्रासहून प्राध्यापक हार्डी यांना पत्र लिहिले, तेव्हा केंब्रिजचा खर्च कोण देणार, हा प्रश्न उपस्थितही झालेला नव्हता.