आधी तोल, मग पट्टी

संकेश्वरी मिरचीच्या व्यापाराशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला बाजाराची एक रीत सांगावी लागत नाही. पोत्यांचा तोल आधी व्हावा आणि मगच दिवाणजीने पट्टी लिहावी. घाईने पट्टी आधी लिहिली, तर तिच्यावर शेतकऱ्याचे नाव असेल, तारीख असेल. वजनाचा रकाना मात्र कोरा राहील. येथे तोलारही प्रामाणिक आणि दिवाणजीही. चुकला तो केवळ क्रम.

पुण्याहून बंगळूरला जाणारा हमरस्ता संकेश्वरावरूनच जातो. त्या दोन्ही शहरांत संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुणांनाही हाच पेच पडतो.

जावा भाषेत प्रोग्राम लिहिताना मजकुरावर ज्या खुणा करतात, त्यांना ॲनोटेशन म्हणतात. त्या खुणा वाचून उरलेला मजकूर आपण होऊन तयार करणारे मदतनीस म्हणजे ॲनोटेशन प्रोसेसर. २००६ साली जावाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांना कंपायलरमध्ये रीतसर स्थान मिळाले. त्यांनी नव्या फायली निर्माण कराव्यात, लेखकाच्या मजकुरास हात लावू नये, असा नियम आहे. लॉम्बॉक हा मदतनीस मात्र कंपायलरच्या अंतरंगात शिरून मूळ आराखड्यातच माहिती वाचण्याच्या व भरण्याच्या पद्धती घालतो. मॅपस्ट्रक्ट हा दुसरा मदतनीस. तो या पद्धती पाहून एका नोंदीतील माहिती दुसरीत उतरविणारा मजकूर रचतो.

मॅपस्ट्रक्टने लॉम्बॉकच्या आधी पाहिले, तर त्याला पद्धतीच दिसत नाहीत. पुष्कळदा तो तक्रार करतो आणि बांधणी थांबते. हे भाग्यच म्हणावयाचे. परंतु दोन्ही नोंदींच्या पद्धती अदृश्य असल्या, तर तो रिकामी नोंद परत करणारा मजकूर मुकाट्याने लिहून देतो. हीच ती कोरी पट्टी. ती एखाद्या रुग्णाची वा खातेदाराची असली, तर तिची किंमत कोणी मोजावयाची?

यावर उपाय आहे. ‘या नोंदीचे काम पुरे झाले काय?’ असे मॅपस्ट्रक्ट विचारू शकतो. लॉम्बॉकच्या वतीने त्याचे उत्तर देणारा दुवा २०२० साली, १.१८.१६ या आवृत्तीपासून, निराळा करण्यात आला. म्हणून मेव्हनच्या फायलीत, प्रोसेसरांच्या यादीत, लॉम्बॉक, मॅपस्ट्रक्ट आणि त्यांना जोडणारा हा दुवा अशी तिन्ही नावे स्पष्ट लिहावीत. जुनी बांधणी पुसून नवी करावी आणि तयार झालेली फाईल स्वतः उघडून वाचावी. २०२४ साली आलेल्या तेविसाव्या आवृत्तीपासून तर जावाही, प्रोसेसर नुसता वाटेत सापडला म्हणून त्याला आपण होऊन कामास लावीत नाही. तशी स्पष्ट सूचना द्यावी लागते.

दोन मदतनिसांचे पटेना, तर एकाला हाकलून देण्याचा मोह होतो. तो आवरावा. कोणी कोणासाठी थांबावयाचे, हे लिहून ठेवले की दोघेही आपापले काम चोख करतात.