ज्यांची प्रार्थना फळली नाही त्यांची साक्ष



 या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आता जे बोलणार आहे ते काहींना रुचणार नाही, तरी बोलतो.

आपल्या मंडळ्यांतून साक्ष कोण देतं? जिची गाठ विरघळली ती. ज्याला नोकरी लागली तो. उपास-प्रार्थना करूनही जिचं मूल गेलं, त्या आईला आपण कधी पुढं बोलावलं? उलट सांत्वनाला गेलेलं कुणीतरी तिलाच विचारतं, "विश्वास कमी पडला का हो?" हे बोलणं क्रूर आहे आणि पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे. ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं. शेवटी देवाचा कोप आक्रोश करणाऱ्या ईयोबावर झाला नाही, त्या उपदेशक मित्रांवर झाला. 88 वं स्तोत्र काढून बघा, शेवटच्या ओळीपर्यंत अंधार आहे. ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली त्यांनी ते गाळलं नाही. आपले संपादक मात्र असा मजकूर आला की शेवट गोड करून मागतात!

मग सगळ्या वाटा बंद झाल्यावर देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे करायचं काय? मी यिर्मया संदेष्ट्याकडे जातो. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमेला वेढा घातला आहे. नगर पडणार हे सांगितलं म्हणून सिद्कीया राजानं यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलं आहे. अशात चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. यिर्मया 17 शेकेल रुपं तोलून देतो. साक्षीदारांच्या सह्या घेतो. मोहोरबंद खरेदीखत आणि त्याची उघडी प्रत आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ काळ टिकावीत म्हणून. कागदात कसूर म्हणून ठेवत नाही.

आणि व्यवहार पुरा झाल्यावर तो देवालाच विचारतो: नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलकरांच्या, हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? आपल्या प्रवचनांत ही शंका ऐकू येत नाही. मला तर त्या अध्यायाचं काळीजच तिथं दिसतं. पैसे मोजून झाले, मन अजून मानत नाही, तरी भांडण चाललंय ते देवाशीच. पुढं नगर खरोखर पडलं. यिर्मयाला लोक मिसरात घेऊन गेले. त्या शेतात त्यानं कधी पेरणी केल्याचं शास्त्रात कुठं नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल, तर केडगाव दूर नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील अन्नान्न करत फिरताना गेले. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी पती गेले. 1921 साली एकुलती एक मनोरमा गेली. केडगावच्या मुक्ती मिशनचं काम जिच्या हाती सोपवायचं, तीच. तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचा मराठी अनुवाद चालू होता, मुक्तीतल्या बायका त्याचे खिळे जुळवत होत्या. लेकीला मूठमाती देऊन रमाबाई पुन्हा त्याच पानांवर बसल्या. अनुवाद पुरा केला आणि 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. मुक्तीसारख्या प्रार्थनेच्या घरात मनोरमेसाठी प्रार्थना झाली नसेल? ती वाचली नाही म्हणून रमाबाईंचा विश्वास उणा होता, असं म्हणण्याची या मंडपात कुणाची छाती आहे? नसेल, तर वस्तीतल्या साध्या बाईला ते ऐकवण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

समारोपाच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे. संमेलनाच्या स्मरणिकेतली निम्मी पानं अशांच्या लिखाणाला द्यावीत, ज्यांचं मागणं मान्य झालं नाही आणि तरी ज्यांनी देवाला सोडलं नाही. त्यात देवाला जाब विचारलेला असेल. एक शब्दही कापायचा नाही. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आजच नावं द्यावीत; उत्तर द्यायला मी इथंच बसलो आहे.