लहरींचे वाटप आणि जाणता रेडिओ



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मी रेडिओलहरींच्या वाटपाचा विषय निवडला आहे. तो तांत्रिक वाटला, तरी त्याच्या गाभ्याशी ‘कोणाला किती’ हा जुनाच प्रश्न आहे.

लहरींचा उपयुक्त पट्टा जमिनीसारखाच मर्यादित असतो. मात्र लहरी वापराने झिजत नाहीत आणि न वापरल्याने साठतही नाहीत. परवान्याने दिलेले कित्येक पट्टे पुष्कळ वेळ रिकामेच असतात. १९९९ मध्ये जोसेफ मिटोला व जेराल्ड मॅग्वायर यांनी ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ची, म्हणजे जाणत्या रेडिओची, कल्पना मांडली. पुढे तिचा रोख या रिकाम्या जागांकडे वळला. यंत्राने कानोसा घ्यावा, जागा मोकळी असल्यास बोलावे आणि मूळ धनी येताच बाजूला व्हावे, असा हा शिष्टाचार आहे. टेकडीआडच्या यंत्राला धन्याचा आवाज ऐकू येत नाही; म्हणून अनेक यंत्रांनी मिळून कानोसा घ्यावा लागतो.

यानंतर वाटणीचा प्रश्न येतो. एकूण संदेशवहन जास्तीत जास्त व्हावे, एवढाच निकष लावला, तर मनोऱ्याजवळच्याची चंगळ होते आणि कडेचा उपाशी राहतो. म्हणून दुसरा एक निकष सुचवला गेला : सर्वांच्या वाट्यांची बेरीज न पाहता गुणाकार पाहावा. एकाच्याही वाट्याला शून्य आले, तर सारा गुणाकार शून्य होतो. न्यायबुद्धी गणितात अशी उतरते.

अमेरिकेने २०१५ मध्ये ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा असाच तीन पायऱ्यांत वाटला. पहिला मान नौदलाच्या रडारसारख्या जुन्या वापरकर्त्यांचा, दुसरा लिलावात परवाना घेणाऱ्यांचा, तिसरा सर्वसामान्यांचा. परवानाधारकांना एका जिल्ह्यात १५० पैकी फार तर ७० मेगाहर्ट्‌झ मिळतात. आणि त्यांनी न वापरलेला भागही सामान्यांना खुला राहतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच लहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे म्हटले आहे. ती संपत्ती राखून ठेवणे हा हक्क असेल, तर तिचा वापर करणे हे त्या हक्काबरोबर येणारे कर्तव्य आहे. यंत्रे वाटणी वेगाने करतील. परंतु बेरीज पाहायची की गुणाकार, हे माणसांनाच ठरवावे लागेल. येथील विद्यार्थ्यांनी गणिताबरोबर हा विवेकही जोपासावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.