सहासष्ट कुपने

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. १९४१ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या सरकारने कपड्यांवर रेशन लावले. माणशी वर्षाला ६६ कुपने. पुरुषाच्या लोकरी सुटाला २६ लागत, बुटांच्या जोडाला ७. पैसे द्यायचे ते वेगळेच! हे रेशन १९४९ पर्यंत चालले.

मग तिथल्या बाया काय करीत? चादर मध्ये विरली की ती उभी कापायची, धडक्या कडा मध्ये घेऊन शिवायची. अहो, हा तर आपला दंड! आपल्या आया लुगड्याला हेच करीत.

ते रेशन केव्हाच गेले. तरी आज तिकडे काही माणसे आपण होऊन स्वतःला तसे रेशन लावून घेतात. आम्हीही गेल्या वर्षी घरात ठरवले, उधारीवर कापड आणायचे नाही. सदऱ्याची कॉलर झिजली, ती उलटवून घेतली. इथवर सोपे होते. पण वैशाखात भाचीचे लग्न निघाले, तेव्हा आम्ही डगमगलो. लोक काय म्हणतील? अखेर रोखीने तिला साडी घेतली, आणि आम्ही कोपराला रफू केलेला कोट घालून मांडवात गेलो. कोणी पाहिलेही असेल. जेवण मात्र झकास होते.

दिवाळीला दुकानदाराने वही उघडली. तीत आमचे पान कोरे होते.