दुसऱ्याचे दुखणे आणि आपला निर्णय

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गेली सात वर्षे आमच्या यजमानांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्यावर एखादा उपाय मला सांगितला नाही अशी भगिनी या मंडळात विरळाच! तेव्हा दुसऱ्या रोग्यांच्या अनुभवाचा उपयोग कसा करावा, या विषयावर चिटणीसबाईंनी मलाच उभे केले याचे नवल नाही.

अनुभवाला कमी लेखावे असे मी म्हणणार नाही. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने या दुखण्यावर निबंध लिहिला, तो अवघ्या सहा माणसांवरून. त्यांतल्या काहींना तर त्याने रस्त्यातच पाहिले होते. ज्याचे जळते त्यालाच कळते, हेही खरे. आपल्या पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रोगी आणि त्यांची शुश्रूषा करणारी घरची माणसे तिथे एकत्र जमतात. चालता चालता उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळतात, तेव्हा ओढू नये, समोर आडवी रेघ किंवा काठी ठेवावी, म्हणजे ती ओलांडायला पाऊल आपोआप उचलते, हे मला तिथल्याच एका बाईंनी सांगितले. मी न्हाणीघराच्या दाराशी रंगीत पट्ट्या चिकटवल्या. रात्री कूस वळता येत नाही म्हणून अंथरुणावर गुळगुळीत कापड घालावे, हेही तिथलेच. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत या गोष्टी निघत नाहीत. नृत्यशिक्षक हृषीकेश पवार पुण्यात या रोग्यांना नाच शिकवतात, हेही मला असेच कळले. साठी उलटलेल्या गृहस्थांनी ताल धरलेला पाहून मला आधी हसू आले आणि मग डोळ्यांत पाणी.

पण औषधाची गोष्ट निराळी. या दुखण्यातले मुख्य औषध लेव्होडोपा. कुणाला ते दिवसातून तीनदा, कुणाला सहादा. कुणाला अर्धी गोळी, कुणाला दोन. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाची मात्रा आपल्याला लागू पडत नाही. एकीने मोठ्या मायेने मला खाजकुइलीचे चूर्ण आणून दिले. तिच्या दिरांना गुण आला होता, आणि ते खोटे नव्हते. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा हेच द्रव्य असते. म्हणूनच धोका! गोळ्या चालू असताना वरून ते घेतले तर मात्रा वाढते. अंगाला नको ते हेलकावे बसतात, उभे राहताच रक्तदाब उतरतो, भास होतात. आणि कुणाचे ऐकून गोळ्या एकदम बंद करणे तर फारच वाईट. त्याने अंग लाकडासारखे ताठ होऊन ताप चढू शकतो, प्राणावरही बेतते. वैद्यांचे औषध घ्यायचे तर ते आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे.

आता मेंदूच्या शस्त्रक्रियेविषयी. मेंदूत बारीक तारा बसवायच्या आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बॅटरी ठेवायची; फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे १९८७ साली याची सुरुवात झाली. आमच्या घरी सहा महिने हाच विषय होता. एका गृहस्थांनी शस्त्रक्रियेनंतर माझ्यासमोर चहाचा भरलेला कप न सांडता तोंडाला लावला. मुलगा म्हणाला, "आई, आता कसला विचार?" दुसऱ्या एका घरी मात्र शस्त्रक्रियेनंतर वाचा जड झालेली ऐकली. दोघेही खरे बोलत होते. मग विश्वास कुणावर ठेवायचा?

मी दोघांनाही तेच प्रश्न विचारले. वय काय होते? दुखणे किती वर्षांचे? सर्वांत अधिक त्रास कशाचा होता? गोळी घेतल्यावर तो कमी होत असे का? चहा पिणाऱ्या गृहस्थांचा त्रास थरथरीचा होता. आमच्याकडे थरथर थोडी. तोल जातो आणि बोलणे अस्पष्ट होते.

आणखी एक गोष्ट मनात आली. सभेला येतात ती चालती-फिरती माणसे. ज्यांना उठवत नाही ती येतच नाहीत. तेव्हा सभेत दिसतो तो निम्माच अनुभव. म्हणून येणे बंद केलेल्या एका बाईंच्या घरी मी मुद्दाम गेले. शस्त्रक्रियेला त्यांनी नावे ठेवली नाहीत. पण साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि तो खर्च पुन्हा उभा राहतो, हे मला त्यांच्याकडून प्रथम कळले. निघताना त्या म्हणाल्या, "वहिनी, हे मला आधी कुणी विचारलंच नव्हतं."

हे सारे मी एका चिठ्ठीवर लिहिले आणि डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. जो त्रास गोळीने हटत नाही तो शस्त्रक्रियेनेही सहसा हटत नाही, थरथर तेवढी अपवाद, असे त्यांनी सांगितले. आमच्या यजमानांचा तोल गोळीने सावरत नव्हता. "मग राहू द्या," असे यजमान स्वतःच म्हणाले. मुलाला ते पटायला महिना लागला.

मागच्या महिन्यात एका नव्या बाईंनी मला गाठले. "तुम्ही शस्त्रक्रिया का नाही केलीत? आम्हीही नको म्हणू का?" मी त्यांना खाली बसवले आणि आधी विचारले, तुमच्या यजमानांचा हात कापतो की तोल जातो?