क्ष-किरण आणि मौन



१८९५ साली रोंटगेन यांना एक अज्ञात किरण गवसला. अज्ञात म्हणून त्यांनी त्यास ‘एक्स’ म्हटले. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांनी ‘क्ष’ म्हटले. उणकलच्या आपणां सर्वांना हुबळीच्या सरकारी रुग्णालयाचा आधार आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९५७ सालचे. अशा रुग्णालयातील क्ष-किरण तंत्रज्ञ कोणाला ‘उसिरु हिडीरि’ म्हणतो, तर कोणाला ‘श्वास रोखा’. कारण छाती हलली की चित्र पुसट होते. त्याच्या अंगावरचा बिल्ला त्याने स्वतः सोसलेल्या किरणांची नोंद ठेवतो.

माझ्या धाकट्या बंधूंच्या छातीचे चित्र अशाच एका तरुणाने काढले. डॉक्टरांच्याही आधी त्याने ते पाहिले. मी अधीरतेने विचारले, “काय दिसते?” तो नम्रपणे म्हणाला, “सर, ते डॉक्टरच सांगतील.”

तेव्हा ते उत्तर मला निष्ठुर वाटले. आज उमगते, की सावली दिसणे निराळे आणि तिचे निदान करणे निराळे. अर्धवट शब्द रुग्णाला व्यर्थ भिववितो किंवा खोटा धीर देतो. जन्मभर मी शब्दांचे अर्थ सांगितले. अर्थ कोठे सांगू नये, हे त्या तरुणाने शिकविले.